ट्रेलरमागच्या सायकली

"हलवून बघितलं का?"

भाऊजींचा हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्याच घरात, आणि तोही आमच्या नव्या सोफ्याबद्दल. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या अपार्टमेंटमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. शेजारच्या बिल्डिंगमधलं मराठी कुटुंब चहाला येणार म्हणून मी सकाळपासून घर आवरत होते. ते आले, नमस्कार केला, आणि बसण्याआधी भाऊजींनी सोफ्याचा हात धरून तो गदगदा हलवला. सोफा कुरकुरला. "डावा पाय सैल आहे," ते म्हणाले. "बसतो ना, पण उजवीकडे बसतो."

त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, कपाळाला हात लावला. "लक्ष देऊ नका हो. मला बघायला आले तेव्हा आमच्या घरची खुर्ची पण अशीच हलवली होती. माझ्या वडलांना वाटलं, मुलाला फिट आली."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. जिना चढण्याआधी कठडा हलवणारा, हॉटेलात ताट यायच्या आत टेबल हलवणारा. आपण त्याला हसतो आणि मग गुपचूप त्याने निवडलेल्या खुर्चीवरच बसतो. भाऊजी त्यातले. त्यांच्या बायकोला मी पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणू लागले, म्हणून ते माझे भाऊजी आणि आमच्या मुलाचे, अमेयचे, काका. तेवढ्यावर आमचं सगळं आयुष्य भागलं.

पुढे मला त्यांच्याच कंपनीत नोकरी लागली. मी औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायची आणि भाऊजी तळमजल्यावर बाटल्यांची खोकी तपासायचे. त्यांच्याकडे एक मोठं लोखंडी टेबल होतं. त्यावर खोकं ठेवून बटण दाबलं की टेबल तासन्‌तास थरथरत राही, आणि मग खोकं उघडून आत काय फुटलं ते बघायचं. ट्रकमधून माल देशभर जाणार, तो रस्त्यात टिकेल का, हे सांगणं त्यांचं काम. दिवसभर वस्तू हलवायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. एवढी मनाजोगी नोकरी मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही.

सकाळी मी त्यांच्याच गाडीतून जायची. मी दार लावलं की ते हात लांब करून ते दार आतून ढकलून बघायचे.

"लागलंय हो, भाऊजी."

"लागलं असणारच. मी फक्त बघतो."

ते नागपूरचे. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. घरात शिरलं की समोर बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे रोज ताजं फूल, मग बाहेर बर्फ का पडत असेना. आमच्या मंडळात नवा माणूस आला की आडनाव विचारायचं, मग गाव, मग आडून आडून आणखी काही, अशी रीत होती. एका गणपतीला एक गृहस्थ भाऊजींना असेच खोदून विचारू लागले. भाऊजींनी एका दमात सगळं सांगून टाकलं: आडनाव, वस्ती, वडलांची नोकरी, आणि आम्ही बौद्ध आहोत. मग हसून विचारलं, "अजून काही राहिलं का?" गृहस्थ चहा आणायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "जरा हलवून बघितलं." मी इतकी हसले की माझ्या साडीवर चहा सांडला.

त्या दिवसांत आपल्या लोकांचा एक ठरलेला क्रम असे. आधी घर घ्यायचं, मग मोठा टीव्ही, मग पुण्यात फ्लॅट. भाऊजींनी एडिसनला घर घेतलं आणि टीव्हीच्या आधी ट्रेलर घेतला. जुनाच होता. पांढरा, पोटावर तपकिरी पट्टा, आत पलंग, शेगडी, छोटासा फ्रीज. गाडीमागे जोडायचा आणि डोंगरात नाहीतर समुद्राकाठी नेऊन उभा करायचा. वहिनींना त्यांनी कारण सांगितलं की कुठेही गेलं तरी घरचा वरणभात मिळेल. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सुट्टीत पण मीच रांधायचं, फक्त वाकून." खरं कारण भाऊजींनी मला कामावर जाताना सांगितलं. लहानपणी ते कधी सहलीला गेलेच नव्हते. सुट्टी लागली की घरीच. "सुजाताला मी सगळं दाखवणार," ते म्हणाले. सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी, आमच्या अमेयच्याच वयाची.

आता सुजाता म्हणजे तिची सायकल आली. गुलाबी, हँडलला झिरमिळ्या आणि घंटी. ती सायकल ट्रेलरमध्ये ठेवली तर आत माणसांना जागा उरेना. तेव्हा ट्रेलरच्या मागे सायकलींचा रॅक लावायचं ठरलं. दुकानदाराने सांगितलं, मागच्या बंपरला बांधा, सगळे तेच करतात. भाऊजींनी बंपर धरून हलवला. बंपर आतून पोकळ निघाला. तो दुकानदार काय म्हणतोय ते त्यापुढे त्यांनी ऐकलंच नाही. सरळ एका वेल्डरकडे गेले आणि ट्रेलरच्या खालच्या लोखंडी सांगाड्यालाच जाड नळी जोडून घेतली, त्या नळीत रॅक.

तरी त्यांचं समाधान नव्हतं. "तुम्ही एसटीच्या शेवटच्या बाकावर बसल्या आहात ना कधी?" त्यांनी मला विचारलं. "पुढच्यांना कळत पण नाही आणि मागचे टपाला आपटतात. ट्रेलरची शेपटी तशी उडते. तिथं आपण सायकली टांगणार. आणि चालवणाऱ्याला आरशात काही दिसणार नाही. पडल्या तर मला कळणारसुद्धा नाही. मागून कुणी येत असेल तर?"

हा त्यांचा खरा घोर होता. सायकली मोडतील याचं त्यांना काही नव्हतं. मागून येणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसाची ते काळजी करायचे.

म्हणून सायकली बांधायचा मोठा सोहळा असे. बाजारातल्या रबरी दोऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. वहिनींची एक जुनी लाल सुती साडी फाडून त्यांनी लांब पट्ट्या केल्या होत्या. त्या पट्ट्यांनी प्रत्येक चाक, प्रत्येक दांडा गुंडाळून बांधायचे, मग वरून दोरी, मग हलवून बघायचं. शेजारचे अमेरिकन लोक हातात कॉफी घेऊन बघत उभे राहायचे.

एका उन्हाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं त्या ट्रेलरसकट पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात गेलो. भाऊजींची ती लांबलचक स्टेशन वॅगन, पुढे भाऊजी आणि आमचे हे, मध्ये वहिनी आणि मी, आणि सगळ्यात मागे, मागे तोंड करून बसायच्या सीटवर मुलं. मुलांना वाटभर ट्रेलरचं नाक दिसायचं. ट्रेलरच्या मागे तीन सायकली, सुजाताची, अमेयची आणि एक मोठी.

जाताना भाऊजींनी गाडी किती वेळा थांबवली ते विचारू नका. दर थोड्या वेळाने कडेला घ्यायची, उतरायचं, मागे जाऊन रॅक हलवायचा, परत यायचं. "आहेत," असं म्हणून बसायचे. आधी आम्ही हसलो. मग मुलं कंटाळली. "काका, सीरियसली?" अमेय ओरडला. "वी'ल नेव्हर गेट देअर." शेवटी शेवटी भाऊजींनी एका उतारावर गाडी कडेला घेतली, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने असा भोंगा वाजवला की वहिनींचा चेहराच पडला.

"परत येताना एकदाही थांबायचं नाही," त्यांनी बजावलं. "वाटेत ट्रेलरच्या मागे जायचं नाही. मला शब्द द्या. लोकांसमोर लाज आणता तुम्ही."

भाऊजींनी शब्द दिला. आणि ते शब्द पाळणारे गृहस्थ होते, हीच पुढची अडचण झाली.

तळ्याकाठच्या ट्रेलर-कॅम्पातले ते दिवस छान गेले. मुलं दिवसभर सायकलीवर. वहिनी आणि मी झाडाखाली पत्ते कुटत बसायचो. पलीकडच्या ट्रेलरमध्ये ओहायोच्या एक गोऱ्या आजीबाई होत्या. त्यांना वहिनींनी चिवडा दिला. त्यांना तो इतका आवडला की रोज सकाळी वाटी घेऊन त्या हजर.

निघायच्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. ट्रेलर गाडीला जोडायचं काम किचकट. साखळ्या लावा, दिव्यांची वायर जोडा, चाकांखालचे ठोकळे काढा. ते सगळं भाऊजी करत होते आणि आमचे हे छत्री धरून उभे होते. सायकली तेवढ्या राहिल्या होत्या. आणि मग तुम्हीही पाहुण्यांकडे शंभरदा ऐकली असेल ती आपली नेहमीची चढाओढ सुरू झाली.

"सायकली मी चढवतो," हे म्हणाले.

"छे, तुम्ही पाहुणे. मी चढवतो ना."

"पाहुणे कसले? तुम्ही इतकं सगळं केलंत. एवढं तरी करू द्या."

"अहो, काल भांडी तुम्हीच घासली. आज मी."

"भाऊसाहेब, ऐका माझं जरा."

"बरं, तुम्ही म्हणता तसं."

"नाही, नाही, तुम्ही म्हणता तसंच होऊ दे."

दोघांनीही एकमेकांचा मान राखला. दोघांनाही वाटलं, आपण हरलो, समोरच्याने काम घेतलं. हे डबे आणायला आत गेले आणि भाऊजी पुन्हा साखळ्यांकडे वळले. त्यात आजीबाई निरोप घ्यायला आल्या. उरलेला चिवडा त्यांना बांधून दिला. त्यांनी आमचा सगळ्यांचा फोटो काढला. मग वहिनींना आठवलं की कपडे दोरीवरच राहिलेत. आपल्या लोकांचं निघणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. अर्धा तास दारात जातो.

शेवटी आम्ही गाडीत बसलो. भाऊजी सवयीने ट्रेलरच्या मागच्या बाजूला निघाले. वहिनींनी काच खाली केली. "झालं सुरू? शब्द दिलाय ना?" भाऊजी थबकले, हसले आणि मुकाट्याने येऊन स्टिअरिंगला बसले. गाडी निघाली.

शब्द त्यांनी अगदी पाळला. हायवेवर ते सारखे आरशात बघत होते, आरशात ट्रेलरशिवाय काही दिसत नव्हतं, आणि तरी गाडी थांबवत नव्हते. वहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "बघा, सुधारले." तासाभराने पेट्रोल भरायला थांबलो. भाऊजी उतरले, नळी लावली, आणि पाय मोकळे करायला म्हणून मागे गेले.

ते बराच वेळ आले नाहीत म्हणून आम्ही उतरलो. ते ट्रेलरच्या मागे उभे होते. रॅक रिकामा होता. त्याच्यावरून लाल साडीच्या पट्ट्या लोंबत होत्या, टोकं रस्त्याला घासून चिंध्या झालेली. दोरीचे पीळ सुटले होते. कोणालाही वाटावं की सायकली हिसका बसून तुटून गेल्या.

भाऊजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते म्हणाले, "कुणाला लागलं असेल?"

सायकली गेल्या असं ते म्हणालेच नाहीत.

तासाभराचा रस्ता. त्यावर ताशी साठ मैलांनी जाणाऱ्या गाड्या. ओला रस्ता. त्यात मध्येच लोखंडाची सायकल आडवी पडली तर काय होईल, ते प्रत्येकाला दिसत होतं. सुजाताने खाली उतरून विचारलं, "डॅडी, आर वी इन ट्रबल?" आणि वहिनींनी तिला जवळ घेतलं. ज्यांना थांबू दिलं नाही त्यांच्याकडे बघायची वहिनींना हिंमत होईना.

भाऊजी फोनच्या बूथकडे निघाले. आमच्या ह्यांनी त्यांचा दंड धरला. हे वाईट मनाचे नव्हेत, घाबरले होते. "भाऊसाहेब, जरा थांबा. तुमची सिटिझनशिपची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. आपण आधी घरी जाऊ. टीव्हीवर काही आलं तर बघू."

"मग काय, मुलाखत झाल्यावर सांगू?" भाऊजी म्हणाले. रागाने नव्हे, अगदी सरळ विचारलं त्यांनी. ह्यांचा हात आपोआप सुटला.

बूथचं दार उघडंच होतं. त्यांनी पोलिसांना सांगितलं की माझ्या ट्रेलरमागून तीन सायकली पडल्या आहेत, कुठे ते माहीत नाही, कुणाला इजा झाली आहे का? मग कोणी न विचारता आपलं नाव सांगितलं, त्याचं स्पेलिंग सांगितलं, गाडीचा नंबर, घरचा पत्ता, कंपनीचं नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने सांगितलं की अजून तरी काही रिपोर्ट नाही.

"अजून तरी," भाऊजी बाहेर येऊन म्हणाले. ते दोन शब्द त्यांनी सोबत घेतले.

गाडी वळवून आम्ही आलो त्या बाजूला परत निघालो. कोणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकाने एकेक खिडकी वाटून घेतली आणि पलीकडच्या रस्त्यावर नजर लावली. गवतात काही रंगीत दिसलं की भाऊजी गाडी हळू करायचे. ते पेप्सीचं कॅन निघायचं. एकदा एक काळं काहीतरी आडवं दिसलं, ते फाटलेलं टायर होतं. मी देव मानते, पण त्या वेळी कोणत्या देवाला काय म्हणायचं तेही सुचेना. फक्त कोणी लहान मूल नको, एवढंच मनात येत होतं.

आणि मग समोर पलीकडच्या बाजूला गाड्यांची रांग दिसली. दूरवर पोलिसांच्या गाडीचा दिवा फिरत होता.

"डॅडी," सुजाता हळूच म्हणाली.

मधल्या रुंद गवतातून गाडी पलीकडे नेता येत नाही. भाऊजींनी पुढच्या एक्झिटला गाडी बाहेर काढली, पुलावरून वळवली आणि त्या रांगेच्या शेपटाला आणून कडेला उभी केली. आणि ते चालत निघाले. हे त्यांच्या मागे गेले. आम्ही गाडीत. वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. "मी थांबू दिलं असतं तर," त्या एवढंच म्हणत होत्या. "मी थांबू दिलं असतं तर."

मला ते दोघे पावसात लांब जाताना दिसत होते. भाऊजींनी टोपी घातली नव्हती. ते घाई करत नव्हते. पुढे काय बघायचंय ते ज्याला नक्की माहीत आहे, त्याच्यासारखे चालत होते. मग दिसेनासे झाले.

परत आले तेव्हा आमचे हे लांबूनच दोन्ही हात हलवत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या गाडीचं चाक बसलं होतं. म्हातारबाबा घडीची खुर्ची टाकून कडेला आरामात बसले होते, डोक्यावर छत्री, आणि पोलीस बिचारा चाक बदलत होता. सायकल वगैरे काही नाही. त्या पोलिसालाही भाऊजींनी नाव आणि स्पेलिंग सांगून टाकलं होतं.

वहिनी रडायला लागल्या. भाऊजी म्हणाले, "अजून पुढचा रस्ता राहिलाय. आत्ताच रडू नका." आणि गाडी परत वळवून आम्ही पुन्हा कॅम्पच्या दिशेने निघालो.

कॅम्पच्या फाट्यापर्यंत काही मिळालं नाही. आता फक्त आतला कच्चा रस्ता राहिला होता. तोही संपला. आमची जागा आली. आणि तिथे आमच्याच झाडाला टेकून तीन सायकली उभ्या होत्या. त्यांच्यावर कोणीतरी प्लास्टिकचं कापड घातलं होतं. शेजारी ओहायोच्या आजीबाई रेनकोट घालून चिवडा खात बसल्या होत्या.

"तुम्ही पेट्रोल भरायला गेलात असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मुलांच्या सायकली सोडून कोण जाईल?"

भाऊजी गाडीतून उतरले. सायकलींपाशी गेले. सुजाताच्या सायकलीच्या सीटवर हात ठेवला आणि तसेच खाली, ओल्या मातीत, मांडी घालून बसले. त्यांची इस्त्रीची पँट, सगळी चिखलात. आधी मला वाटलं ते हसताहेत. मग कळलं की दोन्ही चाललंय. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, साडीसकट चिखलात, आणि त्या बाईने, जिने आयुष्यभर त्या माणसाला टोमणे मारले, भर कॅम्पात सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग आमचे हे हळूच म्हणाले, "पण तुम्ही चढवणार होतात ना?"

"मी? तुम्ही म्हणालात की मी चढवतो."

"मग तुम्ही नाही का म्हणालात, काल भांडी तुम्ही घासली?"

"मग तुमचं ऐकलं ना मी!"

"आणि मी तुमचं!"

रॅकवरच्या त्या लाल पट्ट्या पहिल्या दिवशी सायकली सोडल्या तेव्हापासून तशाच लोंबत राहिल्या होत्या. मग आम्ही सगळे जे हसत सुटलो ते आजीबाईंना काही कळेना. एका सभ्यपणापायी दोन शिकलेल्या माणसांनी सायकली झाडाखाली ठेवल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या पोलिसांना कामाला लावलं, हे त्यांना इंग्रजीत कसं सांगणार? मी प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "पण दोघांनी मिळून का नाही चढवल्या?"

भाऊजी झटकन उठले. "पोलिसांना फोन करायचा राहिला. ते बिचारे शोधत असतील." फोन कॅम्पच्या गेटपाशी होता. गाडीला ट्रेलर जोडलेला. त्यांनी हाताला आली ती सायकल घेतली, सुजाताची, आणि निघाले.

पुढच्या महिन्यात त्यांची मुलाखत झाली. तिथे एक प्रश्न असतो, की कधी पकडला न गेलेला असा काही गुन्हा तुम्ही केला आहे का? सगळे लोक पटकन नाही म्हणतात. भाऊजींनी विचार केला आणि सायकलींची सगळी हकिगत सांगायला घेतली. वहिनी बाहेर बसल्या होत्या. त्या सांगायच्या की दुसऱ्या टेबलावरचे ऑफिसरसुद्धा ऐकायला येऊन उभे राहिले होते. शिक्का मारताना ऑफिसर म्हणाला म्हणे की आता मी माझ्या मेव्हण्यासोबत मासे धरायला जातो तेव्हा कोण काय उचलणार ते आधी ठरवीन.

नंतर सुजाता मोठी झाली, दूर दक्षिणेत कॅरी नावाच्या गावी नोकरीला लागली, आणि भाऊजी-वहिनी दोघं तिकडे राहायला गेले. ट्रेलर त्यांनी एका गुजराती जोडप्याला दिला, रॅकसकट. सणावारी फोन व्हायचा. मग एका सकाळी सुजाताचा फोन आला. ती इंग्रजीतच बोलत होती, आणि मध्येच मराठीत म्हणाली, "मावशी, बाबा गेले." झोपेत गेले. कोणाला त्रास दिला नाही. आम्ही दोघं तिकडे गेलो. त्यांच्या खोलीत पलंगाशेजारी त्यांची चप्पल नीट लावून ठेवलेली होती, आणि ती बघितल्यावर मात्र मला आवरेना. इतका काळजी करणारा माणूस निर्धास्त झोपेत गेला, याचं मला रडताना बरंही वाटत होतं.

त्यांचा विषय निघाला की मला तो कॅम्पचा रस्ता दिसतो. पाऊस थांबला होता. झाडांमधून थोडं ऊन आलं होतं. आम्ही सगळे झाडाखाली उभे होतो आणि लांबून घंटी ऐकू आली. वळणावरून भाऊजी येत होते, त्या गुलाबी सायकलीवर, गुडघे दोन्ही बाजूंना, ढुंगणाला चिखल, हँडलच्या झिरमिळ्या उडताहेत. आजूबाजूचे लोक आपापल्या ट्रेलरमधून डोकावून बघत होते. सायकली रस्त्यावर पडल्याच नव्हत्या, तेव्हा पोलीस काय सांगणार ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी भाऊजींनी हँडल सोडून एक हात वर केला आणि तिथूनच, अख्ख्या कॅम्पाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मराठीत ओरडले, "कोणालाही काही झालेलं नाही! कोणालाही काही झालेलं नाही!"

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.